दर शनिवारी पॉलिश

सॅन्टन तुस्कानो सरांची मोटारगाडी चार वर्षांत दोन हजार तीनशे किलोमीटर चालली. त्यातले निम्म्याहून जास्त किलोमीटर ती स्वतःच्याच सेवेसाठी चालली होती. पॉलिशची बाटली आणायला विरार, मऊ फडकी आणायला वसई, ती फडकी धुवायचा खास साबण कुठे मिळतो हे विचारायला पुन्हा विरार. उरलेल्या किलोमीटरांत दोन लग्नं, एक मयत आणि दर रविवारचं चर्च बसलं. चर्च घरापासून चालत सात मिनिटांवर होतं. पण रविवारी गाडी चर्चच्या आवारात उभी असली म्हणजे मिस्सेची प्रार्थना जरा जास्त पावते, असं सरांना वाटे.

सर पस्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवत होते. शनिवारी सकाळची शाळा असे आणि पहिल्या तासाला मैदानात बूट-तपासणी. नंदाखालच्या वाड्यांमधून केळीच्या पाटाचं पाणी तुडवत आलेली पोरं रांगेत उभी राहत. सर छडी पाठीमागे धरून एकेका बुटावर वाकत. "ह्यात मला माझं नाक दिसलं पाहिजे," ते म्हणत. नाक दिसलं नाही तर त्या बुटाच्या मालकाला मैदानाच्या चार फेऱ्या. पोरं त्यांना मागे 'पॉलिशसर' म्हणत. सरांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बाकीच्या सरांची नावं जाड्या आणि तोतऱ्या अशी होती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी घ्यायचं ठरवलं. खरं तर ठरवलं इझाबेलने, त्यांच्या पत्नीने. तिने तीस वर्षं वसईच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी केली होती, आणि ती सगळी एसटीच्या खांबाला लटकून. आता म्हातारपणी तरी चार पाहुण्यांकडे बसून जाऊ, एवढीच तिची मागणी. शोरूममध्ये ती म्हणाली, "चंदेरी घ्या, धूळ दिसत नाही."

सरांची नजर मात्र कोपऱ्यातल्या काळ्या गाडीवर खिळली होती. ते वाकले. दरवाजात त्यांना स्वतःचं नाक स्वच्छ दिसलं.

"काळ्याला फार जपावं लागतं, सर," विक्रेता प्रामाणिकपणे म्हणाला.

"जपू की," सर म्हणाले. त्या क्षणी चंदेरी गाडी आणि इझाबेलचे चार पाहुणे, दोन्ही मागे पडले.

गाडी घरी आली तेव्हा समोरच्या घरातली धोंडूबाई ती पाहायला आली. तिचा मुलगा हरेश टेम्पो चालवतो; वाड्यांतली केळी आणि भाजी बाजारात पोचवतो. त्यांचं मूळ घर पूर्वेकडे, खाडीच्या अंगाला. इथे येऊन वीस वर्षं झाली तरी धोंडूबाईची जीभ अजून तिकडेच होती. तिने गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कोन म्हनंल मोटार हाय! आरसाच हाय हा."

सर हसले. ती वळली तशी त्यांनी खिशातून रुमाल काढून तिच्या पाच बोटांचे ठसे पुसले.

आता प्रश्न एवढाच होता की हा आरसा आरसाच राहावा म्हणून पॉलिश किती दिवसांनी करायचं. सरांनी मोबाईलवर बरेच व्हिडीओ पाहिले. एक जण रोज पुसा म्हणत होता, दुसरा रोज पुसाल तर मराल म्हणत होता. शेवटी ते आगाशीच्या रस्त्यावर एरॉलच्या दुकानात गेले. एरॉल त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने शाळेत असताना मैदानाच्या जितक्या फेऱ्या मारल्या होत्या तितक्यांत माणूस पालघरला जाऊन आला असता. आता गाड्यांचं रंगकाम आणि पॉलिश यात त्याचं नाव होतं. तो पत्र्याच्या शेडमधून हात पुसत बाहेर आला आणि सरांसाठी खुर्ची पुसून ठेवली.

"सोपं आहे, सर," तो म्हणाला. "धुवायची आठवड्यातून एकदा. साध्या पाण्याने, शाम्पूने. तीन महिन्यांनी एकदा वॅक्स लावा. ते वरून बसतं, रंगाला ऊन-पाणी लागू देत नाही. पण पॉलिश वर्षातून एकदाच, आणि तेही गरज असली तर. नसली तर नाहीच."

"वर्षातून एकदा?" सरांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मी तुला बुटाला रोज पॉलिश करायला शिकवलं होतं."

"बूट वेगळा, सर. बुटाला पॉलिश केलं की थर चढतो. गाडीला पॉलिश केलं की थर उतरतो. नाव एकच, काम उलटं. रंगाच्या वर एक पारदर्शक पापुद्रा असतो, क्लिअर म्हणतात त्याला. केसाच्या निम्म्या जाडीचा. ओरखडा घालवायचा म्हणजे तो पापुद्रा घासून ओरखड्याच्या पातळीला आणायचा. दरवेळी थोडा कमी होतो. संपला की संपला."

सरांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. मग त्याच्या पायांकडे पाहिलं. एरॉलच्या बुटांवर पांढऱ्या भुकटीचा बोटभर थर होता. नाक सोडाच, त्यात हत्तीची सोंडही दिसली नसती.

"तू नववीत दोनदा बसला होतास ना रे?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"मग बरोबर," सर म्हणाले आणि उठले.

वाटेत त्यांनी विरारला स्पेअर पार्टच्या एका दुकानातून लाल डबीतलं रबिंग, म्हणजे रंग घासायची खरखरीत पेस्ट, घेतलं. तिथला माणूस शहाणा निघाला. तो म्हणाला, "जितकं घासाल तितकं चमकेल." हे वाक्य सरांच्या पस्तीस वर्षांच्या तत्त्वज्ञानाशी तंतोतंत जुळत होतं, आणि हा मनुष्य नववीत किती वेळा बसला हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

त्या दिवसापासून दर शनिवारी सकाळी सात वाजता गाडीची तपासणी सुरू झाली. सर पांढरी हाफ पँट घालत. गळ्यातली शिट्टी तेवढी नसे. आधी गाडीभोवती पाठीमागे हात बांधून एक फेरी. मग वाकून एकेका दरवाजात नाक बघायचं. नाक दिसायचंच, पण कुठेतरी केसाएवढी रेघ सापडायची, आणि रेघ सापडली की लाल डबी उघडायची. जुन्या बनियनची चौकोनी घडी, तिच्यावर चिमूटभर रबिंग, आणि मग गोल गोल गोल. बोनेट, टप, चार दरवाजे, डिकी. दोन तासांनी गाडी अशी लखलखायची की वरून उडणारा कावळाही बिचकून दिशा बदलायचा.

धोंडूबाई ओट्यावर बसून हे पाहत असे. एकदा तिने विचारलं, "सर, ही मोटार दुखनाईत हाय का?"

"नाही, का?"

"दर शनवारी अंग रगडताव तिचं म्हनून म्हंटलं. आमचा टेम्पो दसऱ्याला न्हातो. पानी वतलं, हार घातला, झालं."

सरांना तिची कीव आली. हरेशच्या टेम्पोचा मूळ रंग कोणता हे आरटीओच्या कागदाशिवाय कोणाला सांगता आलं नसतं.

जपण्याचं काम फक्त शनिवारी संपत नव्हतं. घरासमोर सरांच्या वडिलांनी लावलेले दोन माड होते आणि गाडी नेमकी त्यांच्याखाली उभी असे. नारळ पडेल या धास्तीने सरांची दुपारची झोप गेली. माड तोडण्याचा विषय काढताच इझाबेलने त्यांच्याकडे असं पाहिलं की तो विषय निघालाच नव्हता असं ठरलं. मग सरांनी तिच्या माहेरी, राजोडीला, मेहुण्याकडून मासे धरायचं जुनं जाळं आणलं आणि दोन माडांच्या मध्ये, गाडीच्या वर, ताणून बांधलं. नारळ जाळ्यात पडू लागले. पण त्या जाळ्याला कुठल्यातरी जुन्या बोंबलाचा वास शिल्लक होता. आगाशीपासून निर्मळपर्यंतचे कावळे त्या वासाने गोळा झाले, जाळ्यावर ओळीने बसले, आणि कावळ्याने जे करायचं ते खाली गाडीवर केलं. त्या महिन्यात सरांना शनिवारखेरीज मंगळवारीही पॉलिश करावं लागलं.

त्यानंतर गाडीला तीन पदरी झाकण आलं. आतून सुती, मधे फोमचं, बाहेरून पांढरंशुभ्र. कॅनडात नोकरी करणारी त्यांची मुलगी ब्रिटनी नाताळला घरी आली, तेव्हा सरांनी विमानतळावर टॅक्सी पाठवली होती. हायवेवर खडी उडते. ब्रिटनी अंगणात उतरली, माडाखाली पांढऱ्या चादरीखालचा तो लांबट आकार पाहून थबकली आणि आईला हळूच म्हणाली, "मम्मा, कोणी वारलं का?"

"अजून नाही," इझाबेल म्हणाली.

इझाबेलचं म्हणणं सर ऐकत नव्हते असं नाही. ते ऐकत आणि त्यावर नियम करत. डिकीत केळीचा घड ठेवायचा नाही, चिकाचा डाग जात नाही. बोनेटवर शेवग्याची जुडी ठेवायची नाही. दाराला हात न लावता कडीला लावायचा. पावसात गाडी काढायची नाही, उन्हात उभी करायची नाही, आणि राजोडीला न्यायची तर अजिबात नाही, कारण समुद्राचा खारा वारा रंग खातो. इझाबेलचं माहेर नेमकं तिथेच असल्यामुळे ती रिक्षाने जाई. घरी दारात गाडी आणि नाक्यावर रिक्षाची वाट पाहणारी सरांची बायको, हे सगळ्या गावाने पाहिलं होतं.

पण गेल्या वर्षी नोव्हेंबरात तिच्या भावाच्या, फर्डिनंडच्या, लग्नाचा रौप्यमहोत्सव आला. त्या दिवशी ती म्हणाली, "आज गाडी." एवढंच म्हणाली, आणि प्रमाण मराठीत म्हणाली. ती घरात नेहमी वाडीतल्या बोलीत बोलायची. प्रमाण मराठी ती इस्पितळातल्या आडमुठ्या पेशंटांसाठी राखून ठेवत असे. सरांनी मुकाट्याने झाकण काढलं.

ते निघाले. राजोडी एक किलोमीटरवर आली, नाकाला समुद्राचा वास लागला, आणि सरांनी एका ओळखीच्याच्या वाडीत गाडी वळवून चिकूच्या झाडाआड उभी केली.

"इथे का?" इझाबेलने विचारलं.

"इथून चालत जाऊ. दहा मिनिटं. तब्येतीला चांगलं."

ती रेशमी साडीत आणि उंच टाचांच्या सँडलांत होती. रस्त्याचा शेवटचा तुकडा वाळूचा होता. फर्डिनंडच्या अंगणात सगळे पाहुणे गाड्यांतून उतरत होते, आणि इझाबेल सँडल हातात घेऊन, घामाघूम होऊन वाळूतून चालत आली. वहिनीने विचारलं, "गाडी बिघडली?"

"नाही," ती म्हणाली, "गाडी ठणठणीत आहे."

त्यानंतर चार दिवसांनी इझाबेलने सरांना सांगितलं की डॉक्टरांनी शुगरसाठी रोज सकाळी तासभर चालायला सांगितलं आहे. सरांना आनंद झाला. पी.टी.च्या माणसाची बायको शेवटी मार्गावर आली. त्यांनी तिला बूट कसे बांधायचे, श्वास कसा घ्यायचा, हात किती हलवायचे ते समजावलं. ती रोज सकाळी बूट घालून बाहेर पडे आणि तासाभराने परत येई. दोन महिन्यांत तिच्या चालण्यात काही वेगळाच रुबाब आला. "बघितलंस?" सर म्हणाले. "व्यायामाने चेहऱ्यावर तेज कसं येतं ते?"

"येतं खरं," इझाबेल म्हणाली.

मार्चमधल्या एका शनिवारी सरांना बोनेटवर डाग दिसला. मधोमध, रुपयाएवढा, धुरकट, दुधाळ. त्यांना वाटलं कावळा असेल. घासलं, गेला नाही. अजून घासलं, तो बशीएवढा झाला. सरांचा नियम असा होता की विद्यार्थी सुधारत नसेल तर शिक्षा वाढवायची. त्यांनी रविवारी घासलं, सोमवारी घासलं. बुधवारपर्यंत बोनेटवर भाकरीएवढा पांढरट नायटा पसरला आणि टपावर त्याची दोन पिल्लं निघाली. सर वाकले. इतकी वर्षं हटकून दिसणारं नाक दिसलं नाही. नाकाच्या जागी धुकं होतं.

तीन आठवडे त्यांनी गाडीवरचं झाकण काढलं नाही. रविवारी चर्चला चालत गेले. "आज गाडी नाही?" फादरांनी विचारलं. सर म्हणाले, "चालणं बरं असतं, फादर," आणि खोटं बोलल्याबद्दल तिथल्या तिथे मनात माफी मागितली. जेवणावरून त्यांचं मन उडालं. दुपारी ते ओट्यावर बसून त्या पांढऱ्या चादरीकडे बघत राहायचे. पस्तीस वर्षं ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला तिनेच दगा दिला की आपणच काही चुकलो, हे त्यांना कळत नव्हतं, आणि दुसरा पर्याय त्यांनी फार वेळ मनात उभा राहू दिला नाही.

शेवटी एका भर दुपारी, रस्ता सामसूम असताना, ते गाडी घेऊन एरॉलकडे गेले.

एरॉल शेडमधून बाहेर आला. पाठीमागे हात बांधून त्याने गाडीभोवती एक सावकाश फेरी मारली. मग तो बोनेटवर वाकला. सर बाजूला उभे होते आणि त्यांना एकाएकी आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. शेवटी त्यांनी ते दोन्ही बाजूंना सरळ सोडले, पोरं रांगेत सोडत तसे.

एरॉलने आतून एक छोटं यंत्र आणलं, थर्मामीटरसारखं. ते रंगावर टेकवलं की थराची जाडी आकड्यात दिसायची. दरवाजाच्या अगदी खाली, जिथे सरांचा गुडघा टेकत नसल्यामुळे हात पोचला नव्हता, तिथे त्याने टेकवलं. "एकशे बारा," तो म्हणाला. मग बोनेटवर टेकवलं. "एकसष्ट."

"म्हणजे किती टक्के?" सरांनी विचारलं.

"म्हणजे नापास, सर." तो हे अगदी आदराने म्हणाला. "क्लिअर संपलंय. तुम्ही आता खालचा रंग घासताय. अजून महिनाभर घासलं असतं तर पत्रा लागला असता."

"पण चमकत होती."

"चमकणारच. रोज नवी साल निघत होती. कांद्याचं पण तसंच असतं, सोलत राहिलं की प्रत्येक वेळी आतला चमकतो. शेवटी कांदा राहत नाही."

सर एरॉलच्या बुटांकडे बघत होते. ते आजही तसेच पांढरे होते. सर त्याबद्दल काही बोलले नाहीत.

"मी तेव्हा सांगितलं होतं, सर," एरॉल म्हणाला.

"सांगितलं होतंस," सर म्हणाले. आणि मग, पस्तीस वर्षांत कोणत्याही विद्यार्थ्याला जे ऐकायला मिळालं नव्हतं ते एरॉलला मिळालं. "तुझं बरोबर होतं. मी ऐकायला हवं होतं."

एरॉल गोंधळला. त्याने घाईघाईने विषय कामाकडे नेला. बोनेट आणि टप पुन्हा रंगवावे लागणार होते. पण त्याच्याकडे मे अखेरपर्यंत गाड्यांची रांग होती. "जूनमध्ये आणा. आणि सर, रंगवल्यावर दोन महिने तिला काही लावायचं नाही. वॅक्ससुद्धा नाही. नवा रंग आतून वाळायला वेळ घेतो."

"आणि तोपर्यंत काय करू?"

"चालवा," एरॉल म्हणाला.

सर घरी आले तेव्हा इझाबेल ओट्यावर केळफूल सोलत बसली होती. तिने पहिल्यांदाच तो नायटा पाहिला. उठून जवळ आली, एखाद्या पेशंटची जखम पाहावी तशी वाकून पाहिली. सरांना वाटलं, ती आता बोलेल. तिने चार वर्षांचं जे काही साठवलं असेल ते बोलेल, आणि आपण ऐकून घेऊ. त्यांनी मन घट्ट केलं.

"बरं होत नाही का हे?" तिने विचारलं.

"जूनमध्ये. तोवर असंच. खराब झाली ती झालीच."

"म्हणजे आता अजून खराब होण्यासारखं काही राहिलं नाही?"

"नाही," सर खिन्नपणे म्हणाले.

इझाबेलने पदराला हात पुसले, आत गेली, आणि कपाटातून एक छोटं कार्ड आणून त्यांच्या हातात ठेवलं. त्यावर तिचा फोटो होता. गाडी चालवायचं लायसन.

सरांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. "हे कधी?"

"तुम्ही चालायला पाठवत होता तेव्हा. आगाशीला मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. जागृतीबाई म्हणून शिकवतात, फार छान शिकवतात. ओरडत नाहीत."

सरांना चेहऱ्यावरचं ते तेज आठवलं. इझाबेलने हात पुढे केला, आणि अत्यंत शुद्ध प्रमाण मराठीत म्हणाली, "किल्ली द्या."

दुसऱ्या दिवशी ते राजोडीला गेले. चिकूच्या वाडीपाशी सरांचा उजवा पाय आपोआप दाबला गेला, पण त्या बाजूला ब्रेक नव्हता. इझाबेल सरळ पुढे गेली, वाळूच्या तुकड्यावरून गेली, आणि तिने गाडी थेट फर्डिनंडच्या दारात, समुद्राकडे तोंड करून उभी केली. फर्डिनंड बाहेर आला, बोनेट पाहून म्हणाला, "हे काय झालं?"

"फार स्वच्छता झाली," इझाबेल म्हणाली.

परत येताना डिकीत सुके बोंबील होते. सर काच उघडी ठेवून बसले होते आणि खारा वारा आत येत होता. निर्मळ गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की राजोडीहून निघाल्यापासून आपण एकदाही गाडीचा विचार केला नाही. मग अर्थातच त्यांनी तो केला, पण फार वेळ नाही.

त्या उन्हाळ्यात गाडी जितकी हिंडली तितकी आधीच्या चार वर्षांत हिंडली नव्हती. इझाबेल इस्पितळातल्या जुन्या मैत्रिणींकडे गेली. केळीचे घड घेऊन गेली, फणस घेऊन आली. शनिवारी सर सवयीने सातला उठत, हाफ पँट घालत, आणि अंगणात यावं तर गाडी नसे. मग ते बादलीभर पाणी माडांनाच घालत. एरॉलचा फोन जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. सर फोन घेऊन आत गेले आणि हळू आवाजात म्हणाले की सध्या गाडीला वेळ नाही.

वेळ खरंच नव्हता. हरेशची मुलगी खुशी हिचा साखरपुडा ठरला होता, चिंचोटीच्या पलीकडे, मुलाच्या गावी. टेम्पोत सामान आणि माणसं भरली की म्हातारीला बसायला जागा नव्हती. इझाबेलनेच सांगितलं, "धोंडूबाई आमच्याबरोबर येईल."

पाऊस आठवडाभर चांगला लागला होता. धोंडूबाई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली आणि सर मागे बसले. तिने काचेतून बोनेटवरच्या नायट्याकडे पाहिलं. "सर," ती म्हणाली, "साखरपुड्याची मोटार अशी कशी न्यावी? लोकं काय म्हनतील? हार हाय ना माझ्याकडं, टाका वरून."

सर उतरले. झेंडूचा जाड हार त्यांनी स्वतः बोनेटवर पसरला, बरोबर डागावर, आणि घरातून चिकटपट्टी आणून दोन्ही बाजूंनी दाबून चिकटवली. चिकटपट्टी रंगावर लावल्याने काय होतं यावर त्यांनी पूर्वी तीन व्हिडीओ पाहिले होते.

साखरपुडा चांगला झाला. मुलाकडची माणसं शेतावरची, साधी होती. मुलाच्या काकांनी गाडीभोवती फिरून सरांना विचारलं, "काळी गाडी ठेवायला अवघड ना? किती दिवसांनी पॉलिश करायचं?" हरेश आणि इझाबेल दोघंही सरांकडे बघू लागले. सरांनी घसा साफ केला. "वर्षातून एकदा," ते म्हणाले, "आणि तेही गरज असली तर. माझा एक विद्यार्थी आहे आगाशीला, फार हुशार, त्याला दाखवा."

परतताना रविवारची संध्याकाळ होती आणि चिंचोटीच्या धबधब्यावरून परतणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरला होता. चिखलाच्या लाटा काचेपर्यंत उडत होत्या. धोंडूबाई जेवून सुस्तावली होती, तिचा डोळा लागला होता. एका अरुंद वळणावर समोरून एक मोठी बस आली आणि तिला जागा देण्यासाठी इझाबेलला डाव्या अंगाला, एका दगडी कुंपणाच्या अगदी कडेला घ्यावं लागलं.

"उतरून बघता का जरा?" ती म्हणाली. इतक्या गर्दीत ती पहिल्यांदाच चालवत होती.

सर चिखलात उतरले. बूट घोट्यापर्यंत रुतले. गाडी आणि कुंपण यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. "ये," ते म्हणाले, "येऊ दे. अजून. येऊ दे." त्यांनी हात हलवत तिला पुढे घेतलं. गाडी सरकली, आणि कुंपणातून पुढे आलेला एक धोंडा मागच्या दरवाजाच्या पुढच्या कडेपासून पार मागच्या चाकापर्यंत कर्रर करत गेला. बसच्या इंजिनाच्या घरघरीत तो आवाज बहुतेक बुडाला. बस निघून गेली.

सरांनी वाकून पाहिलं. हातभर लांब रेघ होती. क्लिअर गेलं होतं, रंग गेला होता, आतला पत्रा दिसत होता. लाल डबीने हे जायला चार वर्षं लागली असती. त्यांनी रेघेवर एकदा अंगठा फिरवला, मग बाजूचा मूठभर चिखल उचलून तिच्यावर नीट थापला, हात रुमालाला पुसले आणि आत येऊन बसले.

"लागलं का?" इझाबेलने आरशातून विचारलं.

"कुठे?" सर म्हणाले. "भरपूर जागा होती. छान काढलीस."

तिने एक क्षण आरशात त्यांच्याकडे पाहिलं. मग पहिला गिअर टाकला.